गोव्यातील सेबर विमानांचा समज (१९६१)

गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईपूर्वी (ऑपरेशन विजय) पोर्तुगिजांनी दाबोळी विमानतळावर एफ-८६ सेबर या जेट लढाऊ विमानांचे पथक ठेवले आहे, असा भारतीय गोटात झालेला गैरसमज. प्रत्यक्षात गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते.

समज खोटा ठरला, तरी वेडगळ म्हणता येत नाही. पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता, त्याच्या हवाई दलात सेबर विमाने होती आणि १९६१ मध्येच त्यांतली काही आफ्रिकेतील पोर्तुगीज गिनीला पाठविण्यात आली होती. गिनीला गेलेली विमाने गोव्यातही येऊ शकतील, हा तर्क स्वाभाविक होता. कोरियाच्या युद्धात नाव कमावलेल्या सेबरपुढे १९४८ पासून भारतीय सेवेत असलेल्या व्हँपायर विमानांचा टिकाव लागणे कठीण होते.

एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे हवाई कारवाईची सूत्रे होती. विमाने पुणे आणि बेळगावजवळील सांबरा येथे एकवटली होती. ८ डिसेंबरला एक व्हँपायर दाबोळीवर घिरटी घालून आले. त्याच्यावर विमानवेधी तोफेचे पाच गोळे सुटले, तेव्हा वैमानिकाने उंची कमी करून समुद्राकडची वाट धरली. पाठलागाला सेबर काही आले नाही.

१८ डिसेंबरला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड (सुमारे २८.५ टन) बाँब टाकले. त्यानंतर आठ कॅनबेरांनी पुन्हा हल्ला केला. इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. विमानतळावर उभी होती ती दोन वाहतूक विमाने. पोर्तुगिजांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने दुरुस्त केला आणि त्याच रात्री अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन ती दोन्ही निसटली. ज्या धावपट्टीवरून सेबर उडणार होते, तिचा उपयोग अखेर एवढाच झाला. बांबोळीचे बिनतारी केंद्र सहा हंटर विमानांनी उद्ध्वस्त केले.

ओळखण्यातल्या खऱ्या चुका आपल्याच माणसांना भोवल्या. दोन व्हँपायरनी दुसऱ्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ठाण्यांवर अग्निबाण सोडले. दोन जवान जखमी झाले. दुसरीकडे भारतीय जवानांनी भारताच्याच टी-६ विमानावर गोळ्या झाडल्या; विमानाचे फारसे नुकसान झाले नाही.

जेटच्या सुरुवातीच्या काळात असे घोटाळे इतरत्रही अपेक्षितच होते. १९४५ च्या आरंभी ब्रिटिशांनी बेल्जियमला पाठविलेली मीटिअर जेट विमाने पांढरी रंगविली, कारण त्यांच्याच बाजूचे तोफची त्यांना जर्मन मेसरश्मिट २६२ समजण्याचा धोका होता. दोन्ही दुहेरी इंजिनांची, दोन्ही अतिवेगवान आणि ओळखायला हाताशी क्षणभरच. टी-६ च्या बाबतीत मात्र जेटच्या नवलाईचे निमित्त पुढे करता येत नाही. ते पंख्याचे जुने प्रशिक्षण विमान होते.