उत्तेजक द्रव्यसेवन, क्रीडाक्षेत्रातील

स्पर्धेत कृत्रिम रीत्या कार्यक्षमता वाढविण्यासाठी खेळाडूंनी केलेला निषिद्ध औषधी द्रव्यांचा वा पद्धतींचा वापर. सेंट लूइस ऑलिंपिकमध्ये (१९०४) मॅरॅथॉन विजेता टॉमस हिक्स याला धावताना स्ट्रिक्नीन व ब्रँडी देण्यात आली होती. त्या काळी ते निषिद्ध नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६७ मध्ये वैद्यकीय आयोग नेमला व १९६८ च्या ऑलिंपिकपासून चाचण्या सुरू केल्या. स्नायुवर्धक स्टेरॉइडांची तपासणी १९७६ पासून होऊ लागली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था (वाडा) १९९९ मध्ये, तर भारतातील राष्ट्रीय संस्था (नाडा) २००५ मध्ये स्थापन झाली.

या नियमव्यवस्थेचा गाभा म्हणजे खेळाडूची संपूर्ण जबाबदारी होय. निषिद्ध द्रव्य नमुन्यात आढळले, की हेतू काहीही असला, तरी नियमभंग सिद्ध होतो. हेतूचा विचार मुख्यतः शिक्षेची मुदत ठरविताना होतो. महाराष्ट्रातील दोन प्रकरणांतून हे स्पष्ट होते.

सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ किताब मिळविणारे नरसिंग यादव रीओ ऑलिंपिकसाठी (२०१६) ७४ किग्रॅ. वजनगटात निवडले गेले होते. त्यांच्या नमुन्यात मेथँडायनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या अन्नपेयांत ते कोणी तरी मिसळले, हे त्यांचे म्हणणे ग्राह्य धरून नाडाच्या समितीने १ ऑगस्टला त्यांना दोषमुक्त केले. वाडाने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे अपील केले. पुरावा समाधानकारक नसल्याचा निर्णय देऊन लवादाने १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

मुंबईचे क्रिकेटपटू पृथ्वी शॉ यांच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्यूटॅलीन आढळले. हे द्रव्य खोकल्याच्या काही औषधांत असते. ते अजाणता घेतले गेले, हा खुलासा क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केला. तरीही आठ महिन्यांची बंदी टळली नाही. त्याच वर्षी हे मंडळ नाडाच्या कक्षेत आले.

हा नियम कठोर असून निरपराध खेळाडूही त्यात सापडू शकतो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हेतू सिद्ध करण्याचा भार संस्थेवर टाकल्यास बहुतेक दोषी सुटतील व प्रामाणिक स्पर्धकांवर अन्याय होईल, हे त्याचे समर्थन आहे. आजारी खेळाडूला आवश्यक औषधासाठी रीतसर सूट मागता येते. भारतात या व्यवस्थेला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियमाने (२०२२) वैधानिक आधार मिळाला.