मुर्डीच्या रँग्लरांची हरवलेली फीत

१९०१ सालच्या डिसेंबरांत मुंबईंत छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनीं एका स्वागताचीं चलच्चित्रें घेतलीं. विलायतेहून परतलेले ते गृहस्थ आपल्या जिल्ह्याचे : दापोली तालुक्यांतील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ चे केंब्रिजचे सीनिअर रँग्लर. हिंदुस्थानांतील पहिला वृत्तपट म्हणून या चित्राचा उल्लेख होतो. फीत मात्र आज उपलब्ध नाहीं.

त्याच वर्षीं ५ सप्टेंबरास अमेरिकेंत बफेलोच्या प्रदर्शनांत अध्यक्ष मॅकिन्ले यांचें भाषण एडिसनच्या माणसांनीं टिपलें. दुसऱ्याच दिवशीं अध्यक्षांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढें अंत्ययात्राही टिपली गेली. हीं दृश्यें आजही पाहतां येतात, आणि त्याचें कारण मोठें गमतीचें आहे. तेथील स्वामित्वहक्काच्या कायद्यांत तेव्हां चलच्चित्रास स्थान नव्हतें. म्हणून निर्माते सबंध चित्र कागदाच्या लांब पट्टीवर छापून, छायाचित्रें म्हणून, वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत नोंदवीत. नायट्रेटची फीत पेट घेते, कुजते. कागद टिकला, आणि पुढें त्यावरूनच नव्या फिती तयार झाल्या. चोरीच्या भीतीनें इतिहास वाचला म्हणावयाचा!

सावेदादांच्या फितीची अशी कागदी प्रत कोठें आढळलेली नाहीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं.