नक्शबंद ते संगणक : सुरतेचे विणकाम आणि नोंदीची परंपरा

मराठी वाचकाला सुरत आठवते ती प्रामुख्याने इ.स. १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. या मुघलकालीन बंदराची समृद्धी बऱ्याच अंशी कापडाच्या व्यापारावर उभी होती. मात्र त्या कापडामागील ज्ञानाचा विचार क्वचितच केला जातो.

किनखाबासारखे नक्षीदार कापड विणताना प्रत्येक ओळीत ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. ‘नक्शबंद’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर ही नक्षी दोऱ्यांत बांधून ठेवीत. सहायक त्या दोऱ्या क्रमाने ओढी आणि विणकर बाणा टाकी. म्हणजेच एकदा नोंदविलेली नक्षी पुनःपुन्हा विणता येई. हे ज्ञान दूरवर प्रवासही करीत असे. सुरतेचे तीन पारशी बंधू एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये छोई नावाच्या उस्तादाकडे विणकाम शिकले व त्यावरून ‘तनछोई’ हे नाव पडले, अशी परंपरा आहे.

इ.स. १८०४ मध्ये फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने हेच काम छिद्रित पत्र्यांकडे, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांकडे सोपविले. छिद्र असेल तर धागा उचलला जाई, नसेल तर नाही. चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कल्पना स्वीकारली. जॅकार्डचे इ.स. १८३९ मधील रेशमी विणलेले चित्र बॅबेजच्या संग्रही होते. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली होती.

अमेरिकन कलावंत बेरिल कोरोट यांनी ‘टेक्स्ट अँड कॉमेंटरी’ (१९७६-७७) या कलाकृतीत विणलेली वस्त्रे व पाच व्हिडिओ पडदे समोरासमोर मांडले. माग हा माहिती साठविणाऱ्या यंत्रांचा पूर्वज आहे, हा विचार त्यामागे होता. आज सुरतेतील इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मागांवर कार्डांऐवजी संगणकीय फाईल चालते आणि नक्षी क्षणात दुसऱ्या शहरात पाठविता येते.

जॅकार्डने नक्शबंदांचे अनुकरण केले, असे म्हणण्यास आधार नाही. त्याच्यापूर्वी फ्रान्समध्ये बुशाँ, फाल्कन व व्होकान्साँ यांचे प्रयत्न झाले होते. प्रश्न श्रेयाच्या दाव्याचा नसून ओळखीचा आहे. यंत्र करणाऱ्यांची नावे पाठ्यपुस्तकात आली. दोऱ्यांत नक्षी बांधणारे मात्र अनामिक राहिले. संगणकाचा इतिहास शिकविताना मागाचाही एक तास ठेवला, तर विणकर कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या घरातील कसब हे केवळ मजुरी नसून ज्ञान आहे, याची जाणीव होईल.