प्रकाष्ठ

प्रकाष्ठ हे पाणी व त्यात विरघळलेली खनिजे मुळांकडून पानांकडे वाहून नेणारे वनस्पतींतील ऊतक होय. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यास ‘जलवाहिन्या’ म्हणतात. अन्नरस वाहणारे परिकाष्ठ (रसवाहिन्या) आणि प्रकाष्ठ मिळून वाहक वृंद बनतो. ‘झायलम’ ही शास्त्रीय संज्ञा स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी १८५८ मध्ये ‘लाकूड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून योजली.

घटक

सपुष्प वनस्पतींच्या प्रकाष्ठात वाहिका, वाहिन्या, तंतू व मृदूतक असे चार घटक असतात. वाहिका लांबट व निमुळत्या असून त्यांतील पाणी भित्तींवरील खाचांमधून पुढे सरकते. वाहिन्या एकावर एक रचलेल्या पेशींच्या आडव्या भित्तींना छिद्रे पडून किंवा त्या विरून तयार झालेल्या नळ्या होत. पक्व वाहिका व वाहिन्या मृत असतात. आतील जीवद्रव्य नाहीसे झाल्यानेच पाण्याला मोकळी वाट मिळते. भित्तींवरील लिग्निनाच्या थरामुळे त्या आतील ताणाने चेपत नाहीत. मृदूतक मात्र जिवंत असते.

ऊस आणि बाभूळ

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत नदीकाठच्या व कालव्याखालील जमिनीत ऊस, तर कोरडवाहू भागात बाभूळ आढळते. या दोन वनस्पतींत प्रकाष्ठाच्या दोन भिन्न रचना दिसतात. उसाच्या आडव्या छेदात वाहक वृंद विखुरलेले असून सालीलगत ते अधिक दाट असतात. प्रत्येक वृंदात सामान्यतः दोन मोठ्या वाहिन्या ठळक दिसतात. उसात ऊतककर नसल्यामुळे कांड्याची वाढ पूर्ण झाल्यावर नवे प्रकाष्ठ तयार होत नाही. बाभळीत ऊतककराचे वलय दरवर्षी नवे प्रकाष्ठ निर्माण करते. आतील जुने प्रकाष्ठ वहन थांबवून कठीण, गडद मध्यकाष्ठ बनते. बाहेरील फिकट रसकाष्ठ पाणी वाहते.

वहन

पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर पडताना पानांतील पाण्यावर ताण येतो. जलरेणू परस्परांना धरून असल्याने तो ताण अखंड जलस्तंभातून मुळांपर्यंत पोहोचतो. हा सिद्धांत डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये मांडला. तीव्र अवर्षणात स्तंभ तुटून वाहिनीत हवा शिरते व तिचे वहन थांबते.

अडथळे व रोग

उसाच्या खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणू, लेफ्सोनिया झायली, प्रकाष्ठातच राहतो. त्यामुळे पाण्याचे वहन मंदावते, कांडी आखूड व ऊस बारीक राहतो. पाण्याच्या टंचाईत हानी वाढते. बाह्य लक्षणे अस्पष्ट असल्याने रोग बराच काळ ध्यानात येत नाही. तो रोगट बेण्यातून व तोडणीच्या कोयत्यातून पसरतो. त्यावर निरोगी बेणे, निर्जंतुक केलेला कोयता आणि बेण्यास ५० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात सुमारे २ तास दिलेली उष्णजल प्रक्रिया हे प्रमुख उपाय आहेत. डाळिंबाच्या मर रोगातही सेरॅटोसिस्टिस ही बुरशी प्रकाष्ठात वाढून पाणी अडवते. त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड वाळते.