हळू आवाज आणि एक डायोड

अजान असो, उरुसातली कव्वाली असो की देवळातलं कीर्तन, आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवण्याचं शेवटचं काम अॅम्प्लिफायरमधले आउटपुट ट्रान्झिस्टर करतात. हे काम सहसा दोघं वाटून घेतात. आवाजाची लाट वर चढते तेव्हा एक ट्रान्झिस्टर स्पीकरकडे वीज ढकलतो, खाली जाते तेव्हा दुसरा ती खेचतो. त्यासाठी दोघं उलट जातीचे असले तर उत्तम: एक एनपीएन, दुसरा पीएनपी.

१९५०च्या दशकात अशी जोडी मिळणं कठीण होतं. मोठा प्रवाह पेलणारे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे आणि बहुतेक पीएनपीच असत. मग एकाच जातीच्या दोघांना उलटसुलट संदेश देण्यासाठी मधे ट्रान्सफॉर्मर बसवावा लागे. तो जड, महाग, शिवाय आवाजात स्वतःचे दोष मिसळणारा.

शांघायमध्ये जन्मलेले हंग चांग लिन अमेरिकेत आरसीए कंपनीत काम करत होते. १९५६ साली त्यांनी तोडगा मांडला. मोठे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच जातीचे ठेवायचे आणि त्यांना चालवणारे छोटे तेवढे उलट जातींचे घ्यायचे. एका बाजूला बेल लॅब्जच्या सिडनी डार्लिंग्टन यांची जोडणी, दुसऱ्या बाजूला बुडापेस्टहून आलेल्या जॉर्ज सिक्लाई यांच्या नावाने ओळखली जाणारी. या दुसऱ्या जोडणीत छोट्याची जात तीच जोडीची जात ठरते. ट्रान्सफॉर्मरची गरज संपली. मांडणीला नाव पडलं क्वासी-कॉम्प्लिमेंटरी, म्हणजे जोडी असल्यासारखी.

पुढे सिलिकॉन आलं. आता टू-एन-३०५५ सारखे दणकट एनपीएन स्वस्त झाले, पण त्यांच्या तोडीचे पीएनपी महाग राहिले. त्यामुळे लिन यांचीच मांडणी पुन्हा कामी आली.

पण ‘असल्यासारखी’ म्हणजे खरी नव्हे. वरची बाजू चालू व्हायला सुमारे १.२ व्होल्ट लागत, खालचीला ०.६. त्यामुळे लाट शून्यातून जाताना एकाने काम सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, त्या क्षणी ठेच लागे. मोठ्या आवाजात ती ठेच बुडून जाई. हळू आवाजाची मात्र सगळी लाटच शून्याच्या आसपास असते, म्हणून खरा मार त्यालाच बसे. ट्रान्झिस्टरचा आवाज कर्कश, ही तक्रार रुजण्यात या दोषाचा मोठा वाटा होता.

१९६९ साली पीटर बॅक्संडॉल यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात खालच्या बाजूच्या छोट्या ट्रान्झिस्टरला एक साधा डायोड जोडून दोन्ही बाजू बऱ्याच समान करून दाखवल्या. नंतर चांगले पीएनपी स्वस्त झाले आणि खरी जोडी सर्रास वापरात आली.

अॅम्प्लिफायर विकला जातो तो वॉटच्या आकड्यावर, म्हणजे किती मोठा आवाज काढतो यावर. हा दोष त्या आकड्यात कधीच दिसला नसता. जुना अॅम्प्लिफायर पारखायचा असेल, तर आवाज वाढवून नव्हे, अगदी कमी करून ऐकावा.