पोलादी साचा आणि पितळेचा पत्रा

नवी गाडी घेतली की आपल्याकडे माणूस दुसऱ्याच दिवशी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात हजर होतो. सीट कव्हर, मॅट, जरा दमदार हॉर्न.. कंपनीने दिलेल्या गाडीवर आपला हात फिरल्याशिवाय ती आपली वाटत नाही. प्लास्टिकची मॉडेल विमानं जोडणाऱ्यांच्या जगातही असा एक जोडधंदा आहे. त्याला आफ्टरमार्केट म्हणतात. किट एका कंपनीचं, आणि त्यावर बसवायची कॉकपिट, चाकं, पट्टे, घड्याळं भलत्याच कोणाची तरी. तिऱ्हाईताला हा शुद्ध वेडेपणा वाटतो (खिशाच्या दृष्टीने तो आहेच!). पण या धंद्याचा इतिहास बघितला तर त्यामागे एक अगदी सरळ कारण दिसतं. ते आज सांगतो.

आधी थोडं मापाबद्दल. मॉडेल विमानांमध्ये सगळ्यात रुळलेलं प्रमाण १/७२. म्हणजे मॉडेलवरचा एक इंच = खरे सहा फूट. ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' ही प्लास्टिक किट्सची पहिली मालिका आली, ती याच प्रमाणात. पुढे दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान कुठलं आणि आपलं कुठलं हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून मॉडेल्स लागायला लागली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ ची पाच लाख लाकडी विमानं मागवली होती! त्या मॉडेल्सचा उपयोग एकच, लांबून आकार ओळखणे. आत वैमानिकाची खुर्ची आहे का नाही, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं.

मोठी मॉडेल्स आली आणि हे गणित बदललं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या रेव्हेलने १/३२ ची मालिका सुरू केली, पुढे जपानची हासेगावा त्यात उतरली. १९७० साली ब्रिटनच्या एअरफिक्सने तर १/२४ चं स्पिटफायर काढलं. स्पिटफायरचे पंख खरे ११.२३ मीटर. १/७२ मध्ये ते साधारण साडेपंधरा सेंटिमीटर भरतात, म्हणजे जवळजवळ पोस्टकार्डाएवढे. १/३२ मध्ये पस्तीस, आणि १/२४ मध्ये सत्तेचाळीस सेंटिमीटर. एवढं मोठं विमान टेबलावर आलं की माणूस आत डोकावणारच. आणि आत डोकावला की त्याला खोटेपणा दिसणारच.

आता हा खोटेपणा कंपनीच्या आळशीपणामुळे असतो असं नाही. किट बनतं ते पोलादी साच्यात. साच्याचे दोन भाग मिटतात, वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबाने आत शिरतं, थंड होतं, साचा उघडतो. भाग त्यातून सरळ बाहेर निघायला हवा, त्यामुळे आतल्या बाजूला वळणारे खाचखळगे करता येत नाहीत. फार पातळही काही जमत नाही. एक मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची भिंत १/३२ च्या हिशेबाने ३२ मिलिमीटर होते, आणि खऱ्या विमानाचा पत्रा असतो जेमतेम मिलिमीटरच्या आसपास. कॉकपिटमधली आठ सेंटिमीटरची डायल इथे अडीच मिलिमीटरची होते. तिच्यावरचे आकडे प्लास्टिकमध्ये कसे उठणार?

शिवाय पोलादी साचा भयंकर महाग. एकदा केला की वर्षानुवर्षं त्यातून किट्स काढून पैसे वसूल करायचे. त्यामुळे विमान कुठलं निवडायचं हेही विक्री ठरवते. स्पिटफायर, मेसरश्मिट, मस्टँग यांना पुन्हा पुन्हा मान. बाकीची विमानं रांगेत उभी. आणि साच्यात चूक राहिली, किंवा पाच वर्षांनी कोणाला कारखान्याची मूळ ड्रॉइंग्ज सापडली, तरी साचा काही सहजासहजी बदलत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज झालेला कोड आहे, दुरुस्तीचे सगळे पॅच बाहेरूनच यायचे.

हे पॅच दोन वस्तूंमधून आले: रेझिन आणि पितळ.

रेझिनचं काम घरच्या गॅरेजमध्येही होतं. एक मूळ नमुना हाताने घडवायचा, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतायचं. रबर लवचीक असल्यामुळे खाचखळग्यांचा भाग निघतो. साचा काही डझन ओतकामांत फाटतो, पण तोवर बारीकसारीक सगळं उतरलेलं असतं. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी १९८०च्या दशकात अशा रेझिनच्या भागांना आणि त्यांवर पातळ रंगाचे ओघळ व कोरडा ब्रश वापरून खोली आणण्याच्या पद्धतीला जगभर नाव मिळवून दिलं. (रेझिन घासताना मात्र मास्क लावा आणि पाणी वापरा. ती धूळ छातीला वाईट.)

पितळेची गोष्ट आमच्या लायनीतली. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने बदलणारा लेप लावायचा, त्यावर फिल्म ठेवून उजेड द्यायचा, आणि नको तो भाग रसायनात विरघळवून टाकायचा. कॉलेजात फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये सर्किट बोर्ड हलवत बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तीच ही विद्या! यातून सीट बेल्टची बक्कलं, रेडिएटरची जाळी, डायलच्या चौकटी निघू लागल्या. चेकोस्लोव्हाकियात १९८९ साली, म्हणजे सत्तापालटाच्याच वर्षी, सुरू झालेली एडुआर्ड कंपनी याच पत्र्यांवर मोठी झाली. २०००च्या दशकात त्यांनी आधीच रंगवलेले पत्रे आणले आणि अडीच मिलिमीटरच्या डायलवर आकडे दिसायला लागले. २०२० च्या आसपास थ्रीडी प्रिंटिंग आलं आणि आता रेझिनचं बरंच काम प्रिंटर करतो.

मग सगळं डब्यातच का देत नाहीत? तोही प्रयोग झाला. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये 'विंगनट विंग्ज' काढली. २००९ पासून १/३२ ची पहिल्या महायुद्धातली विमानं, ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशी, उत्तम अभ्यास करून, डब्यातच पितळी भाग देऊन विकली. लोक खूश होते. २०२० मध्ये कंपनी बंद झाली.

आकाराचं हे झालं. रंगाचं दुखणं त्याहून अवघड आहे, कारण रंगाचं ड्रॉइंग नसतं. जून १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पोटाचा काळा-पांढरा रंग जाऊन 'स्काय' नावाचा फिकट हिरवट रंग लावायचा हुकूम निघाला. पण तो रंग पुरेसा उपलब्धच नव्हता. तळांवर जे हाताला लागलं ते मिसळून काम भागवलं गेलं, आणि नेमकी छटा कोणती यावर आजही वाद चालतात. फोटो बघावेत तर ते कृष्णधवल. त्यातही त्या काळच्या काही फिल्म्स पिवळ्या-लाल रंगाला जवळपास आंधळ्या. स्पिटफायरच्या अंगावरच्या गोलाचं पिवळं कडं अशा फोटोत काळपट दिसतं! म्हणून मोठ्या मॉडेलवर बरेच जण तयार डेकल चिकटवण्याऐवजी कापलेले मास्क लावून गोल, अक्षरं, आकडे एअरब्रशने रंगवतात. छटा मग आपल्या हातात राहते. जबाबदारीही.

आता हे सगळं आपल्या घराजवळ आणतो. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ बनली. सांगाडे ओझरला, इंजिनं कोरापूटला. १९७१ च्या युद्धात लढलेली मिग-२१ एफएल हे त्यातलं गाजलेलं रूप. १/३२ मध्ये मिग-२१ ची किट्स आहेत, पण रेव्हेलचं जुनं किट आणि ट्रम्पीटरचं एमएफ हे नंतरच्या रूपाचं. एफएलची पाठ बारीक, कॉकपिटची काच पुढच्या बाजूला उघडणारी, आणि पोटात तोफ नाही, ती पोटाखाली वेगळ्या पेटीत टांगलेली. एमएफची पाठ फुगीर, काच बाजूला उघडते, तोफ आत. म्हणजे १९७१ चं भारतीय विमान करायचं तर पाठ, काच, पोट, सगळीकडे करवत आणि रेझिन!

आणि रंग? युद्धाच्या तोंडावर चकचकीत धातूच्या या विमानांवर तळांवरच घाईघाईने लपवणारे रंग मारले गेले. प्रत्येक स्क्वाड्रनची तऱ्हा वेगळी. कुठे पट्टे, कुठे ठिपके. म्हणजे १९४० च्या इंग्लंडमधलीच गोष्ट, फक्त इथे ती आठवणारी माणसं अजून आपल्यात आहेत. एफएल २०१३ मध्ये निवृत्त झालं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भारतातली मिग-२१ ची सगळीच सेवा संपली. १९७१ साली हातात ब्रश घेतलेला पंचविशीचा एअरमन आज ऐंशीच्या घरात असेल.

म्हणून एक विनंती. घरात कोणी वायुदलात किंवा ओझरला नोकरीला असेल, तर जुने अल्बम काढा आणि त्यांच्या शेजारी बसा. फोटोमधला हा गडद भाग हिरवा होता की तपकिरी, रंग कुठून आणला, ब्रशने मारला की फवाऱ्याने, एवढं विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. पोलादी साचा बनवणारी कंपनी हे विचारायला कधीच येणार नाही. पण कुठेतरी एखादा माणूस पस्तीस तुकड्यांचा एक पत्रा आणि एक मास्क काढेल, तेव्हा त्याला नेमकी हीच ओळ लागणार आहे.

असो. पुढच्या शनिवार-रविवारी भेटू.