माका ओळखायचा कसा आणि कुंडीत लावायचा कसा?

पावसाळा सुरू झाला की शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी आणि शहरात गटारांच्या कडेला खरखरीत पानांचं एक बुटकं झाड उगवतं. त्याला शर्टाच्या बटणाहूनही लहान पांढरी फुलं येतात. बहुतेक लोक गवत समजून ते तुडवत पुढे जातात. हाच माका, म्हणजे भृंगराज! गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये तो असतो, पितृपंधरवड्यात श्राद्धालाही त्याची पानं लागतात आणि केसांच्या तेलाच्या बाटलीवर तर त्याचं नाव ठळक छापलेलं असतं.

शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि डेझी यांच्याच कुळातला तो आहे. इंग्रजीत त्याला ‘फॉल्स डेझी’ म्हणतात, जे जरा अन्यायाचंच आहे. एक्लिप्टा हे नाव ‘उणं असणं’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. एकदांडीच्या बीला कापसासारखी म्हातारी असते आणि ती वाऱ्यावर उडते. माक्याच्या बीला हा पिसारा नसतो. त्यामुळे ते झाडाखालीच पडतं किंवा पाण्याबरोबर वाहत जातं. माका ओलाव्याच्या कडेने का सापडतो, याचं एक कारण हेही आहे.

ओळखण्यात मात्र बरीच गल्लत होते. एकदांडीचं फूल लांब दांड्यावर एकटं उभं असतं आणि त्याचा मध्य पिवळा असतो. रस्त्याच्या दुभाजकांवर पसरलेली, पिवळ्या फुलांची चकचकीत वेल ही ‘सिंगापूर डेझी’. ती मूळची अमेरिका खंडातली असून जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. तिची पानंही भृंगराज म्हणून तोडली जातात! खऱ्या माक्याची पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, लांबट असतात. खोड बऱ्याचदा तांबूस असतं. सगळ्यात सोपी खूण म्हणजे पान चुरगळून थोडा वेळ थांबायचं. रस हळूहळू काळा पडतो आणि बोटंही काळी होतात.

ओळख पटली तरी गटाराकाठचा माका तोडू नये. सांडपाण्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू वनस्पती शोषून घेऊ शकतात आणि पानं धुऊन ते निघत नाहीत. रस्त्याकडेला तणनाशक मारलेलं असण्याचीही शक्यता असते. म्हणून माका घरी लावलेला बरा, आणि त्यासाठी फार काही लागतही नाही.

फुलं गळून गेल्यावर जे हिरवे गोंडे राहतात, ते सुकून काळपट झाले की त्यातलं बी चोळून काढावं. आठ-दहा इंचांची कुंडी घेऊन त्यात माती आणि शेणखत किंवा गांडूळखत भरावं. बी मातीत पुरू नये, इथेच अनेकांचं चुकतं. माक्याच्या बीला रुजायला उजेड लागतो. त्यामुळे ते वर भुरभुरून हाताने हलकंच दाबावं आणि पाणी फवाऱ्याने द्यावं. जून-जुलै हा उत्तम काळ. बी नसेल तर चार-पाच इंचांची फांदी पेरांसकट ओल्या मातीत खोचावी, पेरांना मुळं फुटतात. ऊन भरपूर आणि माती सतत ओली, एवढं सांभाळलं की झालं. तुळशीसारखी माती वाळू दिली तर माका लगेच मान टाकतो.

फुलं यायला लागली की खालचा तीन-चार इंच बुंधा ठेवून वरचा भाग कापावा, तो पुन्हा फुटतो. मात्र बी पिकून पडलं तर शेजारच्या सगळ्या कुंड्यांत माकाच माका होईल. भातशेतीत तो तण म्हणून उपटला जातो, ते उगाच नाही.

तेलासाठी पानांचा रस खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मंद आचेवर पाण्याचा अंश उडेपर्यंत उकळतात. उंदरांवरच्या प्रयोगांत माक्याच्या अर्काने केसांची वाढ वाढलेली दिसली आहे, पण माणसांबाबतचा पुरावा तोकडा आहे. त्यामुळे ‘महिन्यात टकलावर केस’ असे व्हिडिओ फॉरवर्ड न केलेलेच बरे. पोटात घ्यायचा असेल तर आधी वैद्यांना विचारावं. आणि रस काढताना जुने कपडे घालावेत, त्याचे डाग सहज निघत नाहीत.